धरणाखाली कोण राहते, ते आधी मोजा

प्रति,
मा. मंत्री, मृद व जलसंधारण विभाग,
महाराष्ट्र राज्य

महोदय,


राज्यातल्या मातीच्या लहान धरणांची धोक्यानुसार वर्गवारी करताना उंची आणि पाणीसाठा यांच्याही आधी धरणाखालची घरे मोजली जावीत, आणि ठरलेला वर्ग त्या घरांना सांगितला जावा, या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. मागणी छोटी वाटेल, पण सह्याद्रीच्या पायथ्याच्या कितीतरी वाड्यांचा पावसाळा तिच्यावर अवलंबून आहे.

२ जुलै २०१९ ची रात्र आपल्या विभागात कोणी विसरले नसेल. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण रात्री साडेनऊच्या सुमारास फुटले आणि खालच्या भेंदवाडीतली डझनभर घरे माणसांसकट वाहून गेली. वीसच्या वर माणसे गेली. जेवणे आटोपून अंथरुणे घालायची ती वेळ, बाहेर धो-धो पाऊस. भराव गळतो आहे अशा तक्रारी गावाने आधी केल्या होत्या. धरण २००० साली पुरे झालेले, म्हणजे उणेपुरे वीस वर्षांचे. त्याचा साठा सुमारे २.४५ दशलक्ष घनमीटर, कोयनेच्या साठ्याच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी. टीएमसीत सांगायचे तर ०.०९ सुद्धा भरत नाही. वर्तमानपत्रात रोज छापून येणाऱ्या धरणसाठ्यांच्या तक्त्यात असल्या धरणाला जागा नसते.

पण त्याची उंची २८ मीटर होती. नऊ मजली इमारतीएवढी. खाली वाडीत उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने ते लहान नव्हते. आपल्याकडे योजना लघु की मध्यम हे तिच्याखाली किती हेक्टर भिजणार यावर ठरते. शंभर हेक्टरांपर्यंतच्या योजना जिल्हा परिषदेकडे, त्यापुढच्या सहाशे हेक्टरांपर्यंतच्या आपल्या विभागाकडे. पाणीपट्टी, निधी आणि कर्मचारी ठरवायला ही विभागणी ठीक आहे. मात्र भिजणारे क्षेत्र कमी म्हणून धोकाही कमी, असा समज तिच्यातून कार्यालयांत रुजला आहे, आणि तो माणसांच्या जिवावर उठणारा आहे. मी राहतो ती वाडीही अशाच एका तलावाखाली, पऱ्याच्या म्हणजे ओढ्याच्या काठाला आहे. धोक्याच्या दृष्टीने आमच्या तलावाचा वर्ग कोणता, असे मी एका कार्यालयात विचारले. ‘लघु योजना आहे, काळजी करू नका,’ एवढेच उत्तर मिळाले. ते देणारे गृहस्थ भले होते. त्यांच्यापुढच्या कागदांत मी विचारलेल्या गोष्टीसाठी रकानाच नव्हता.

इथे दोन वर्गवाऱ्या वेगळ्या ठेवायला हव्यात. धरणाची पाहणी होते तेव्हा त्रुटींची तीन श्रेणींत नोंद करतात. धरण फुटण्यापर्यंत मजल जाईल अशा त्रुटी पहिल्या श्रेणीत, मोठ्या आणि तातडीने दुरुस्त करायच्या त्रुटी दुसऱ्या श्रेणीत, आणि सालाबादच्या डागडुजीत भागणाऱ्या तिसऱ्या श्रेणीत. ही धरणाच्या प्रकृतीची वर्गवारी झाली. दुसरी वर्गवारी परिणामांची. हे धरण उद्या फुटले, तर पाणी कुठे जाईल, किती वेळात जाईल, वाटेत कोण असेल? या वर्गवारीत धरण मजबूत आहे की खिळखिळे याचा संबंध येत नाही. धडधाकट धरणही वाडीच्या डोक्यावर उभे असेल तर ते अतिधोक्याच्या वर्गात जाते आणि निर्जन दरीतले गळके धरण कमी धोक्याच्या. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की दुरुस्तीचा पहिला रुपया कुठे घालायचा ते कळते. आज पहिली नोंद मोठ्या धरणांची नियमाने होते, लहानांची जमेल तशी. दुसरी नोंद लहान धरणांच्या बाबतीत गावापर्यंत पोचलेली मी तरी पाहिलेली नाही.

अमेरिकेत धोक्याच्या सर्वांत वरच्या वर्गात धरण घालताना निकष असा लावतात की, फुटल्यास एका जरी माणसाचा जीव जाण्याचा संभव आहे का. उंचीचा, साठ्याचा प्रश्न नंतर. तरीही तिथे चूक झालीच. हवाईतल्या कौआई बेटावरचे का लोको हे एकोणिसाव्या शतकातले मातीचे धरण सरकारदप्तरी कमी धोक्याचे होते. १४ मार्च २००६ रोजी पहाटे ते फुटले आणि खालची सात माणसे गेली. दप्तरातला वर्ग जुना झाला की तो नसल्यापेक्षा वाईट असतो, कारण त्याच्या भरवशावर कोणी पाहणीलाच जात नाही.

आपल्याकडे धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू आहे. तो यावा म्हणून देशाने फार वाट पाहिली, आणि त्यात चांगले पुष्कळ आहे. मालकाने पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी करायची, आपत्कालीन कृती आराखडा करायचा, राज्याच्या धरण सुरक्षा संघटनेने धरणांची धोक्यानुसार वर्गवारी करायची, स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष मूल्यमापन करून घ्यायचे. पण हे सगळे लागू होते ते ठरावीक धरणांना. पंधरा मीटरांपेक्षा उंच असलेली सगळी, आणि दहा ते पंधरा मीटर उंचीची काही. या दुसऱ्या गटात यायचे तर भरावाची लांबी किमान ५०० मीटर हवी, किंवा साठा किमान १ दशलक्ष घनमीटर, किंवा पुराचा विसर्ग सेकंदाला किमान २,००० घनमीटर, किंवा पायाची विशेष अडचण, किंवा नेहमीपेक्षा वेगळी रचना. दहा मीटरांखालचे धरण कायद्याच्या कक्षेत येतच नाही.

आता बारा मीटर उंचीचे, तीनशे मीटर लांबीचे, ०.८ दशलक्ष घनमीटर साठ्याचे एखादे धरण घ्या. सह्याद्रीच्या कुशीत अशी धरणे शोधायला लांब जावे लागणार नाही. ते कायद्याबाहेर राहते. त्यातले पाणी ऐंशी कोटी लिटर, वजनाने आठ लाख टन. अरुंद खोऱ्यात अर्धा-पाऊण किलोमीटरवर वाडी असेल, तर ते पाणी पोचायला किती वेळ लागेल याचा हिशेब करताना हात थरथरतो. या पाच अटींपैकी एकही अट खाली कोण राहते हे विचारत नाही. कायद्याला कुठेतरी रेघ मारावी लागते, हे मला समजते. ती रेघ केंद्राने मारली आहे. तिच्या खालच्या धरणांसाठी स्वतःचा नियम करायला राज्याला कोणी अडवलेले नाही. देशातली सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत, आणि लहान धरणे, पाझर तलाव, गाव तलाव तर हजारोंनी. त्यांतले कितीतरी १९७२ च्या दुष्काळात लोकांनी घमेली-फावडी घेऊन उभे केले. ज्या हातांनी ती माती वाहिली त्यांची नातवंडे आज त्या भरावांखाली राहतात. या तलावांनी पन्नाशी ओलांडली आहे, आणि त्यांपैकी अनेकांचे मूळ नकाशे मिळणे मुश्कील झाले आहे.

मातीचे धरण फुटते कसे हे आपले अभियंते आपल्याला माझ्यापेक्षा नीट सांगतील. तरी थोडे लिहितो, कारण लहान धरणाचा धोका वेगळ्या जातीचा का, ते त्याशिवाय कळत नाही. काँक्रीटच्या किंवा दगडी धरणावरून पाणी ओसंडले तरी ते काही काळ तग धरू शकते. मातीच्या भरावाला ते जमत नाही. माथ्यावरून पाणी वाहू लागले की मागचा उतार धुपत जातो आणि तासा-दोन तासांत खिंडार पडते. म्हणून मातीच्या धरणाचा प्राण सांडव्यात असतो. सांडव्याच्या तोंडाशी झाडोरा अडकला, दरड येऊन पडली, किंवा उन्हाळ्याला थोडे पाणी जास्त राहावे म्हणून कोणी सांडव्यावर वाळूची पोती रचली, की पूर माथ्यावर चढतो. पोती रचणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. मार्चमध्ये कोरड्या पडणाऱ्या विहिरी पाहिल्या की त्यांची निकडही दिसते. पण तसे करू नका, आणि का करू नका, हे त्यांना कोणी तरी बसून सांगायला हवे होते.

दुसरी वाट आतून जाते. पाणी भरावातून झिरपतच असते. ते गाळणथरातून स्वच्छ होऊन पायथ्याच्या चरात आले तर चिंता नाही. पण ते बरोबर मातीचे कण आणू लागले की आत बारीक नळी तयार होते, ती मागे मागे जलाशयाच्या दिशेने रुंदावत जाते, आणि एका घटकेला वरचा भराव खाली बसतो. पाणी सोडण्याचा पाइप भरावातून जातो तिथे हे घडण्याचा धोका जास्त, कारण पाइपाच्या कडेने माती नीट दाबली जात नाही. पानशेतचे उदाहरण मराठी वाचकाला सांगायला नको. १२ जुलै १९६१ ला ते मातीचे धरण फुटले तेव्हा काम पुरते संपलेले नव्हते, आणि भरावाखालच्या विमोचकातून अपुऱ्या दारांनिशी पाणी सुटत असल्याने वरची माती खचत गेली होती.

तिवऱ्यानंतर खेकड्यांनी भराव पोखरल्याचे कारण तेव्हाच्या मंत्र्यांनी दिले आणि राज्यभर संताप झाला. तो रास्तच होता. माझे म्हणणे त्याला थोडे जोडून आहे. खेकडे, घुशी, वारुळे, बाभळीची मुळे हे मातीच्या भरावाचे खरेच शत्रू आहेत. म्हणूनच तर पाहणी करताना प्राण्यांची बिळे शोधून नोंदवायची असतात. बीळ दिसते, लिहिता येते, उकरून चिकणमातीने ठोकून बुजवता येते. बिळांमुळे धरण गेले असे म्हणणे म्हणजे त्या भरावावरून डोळे उघडे ठेवून कोणी चालले नाही, किंवा चालले आणि लिहिलेले पुढे कोणी वाचले नाही, याची कबुली आहे.

मोठ्या धरणावर माणूस असतो. कोयनेवर अभियंत्यांची फौज, उपकरणे, भोंगे, नियंत्रण कक्ष, रात्रपाळी. लहान धरणावर चौकीदाराची जागा एक तर मंजूर नसते, नाही तर रिकामी असते. शिवाय लहान धरणाखाली सावध व्हायला वेळच मिळत नाही. मोठ्या नदीवरचा पूर तास-तास आधी कळतो. इथे दहा-पंधरा मिनिटे. तेवढ्यात वाडीतून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून परत वाडीत निरोप फिरू शकत नाही. वीज गेलेली असते, मोबाइलचा मनोरा बंद पडलेला असतो. म्हणजे खाली राहणाऱ्या माणसालाच काय पाहायचे आणि काय दिसल्यावर कुठे पळायचे हे ठाऊक असले पाहिजे. पायथ्याचे पाणी गढूळ झाले, झरा अचानक वाढला, माथ्यावर लांबट भेग पडली, उताराचा पोटाकडचा भाग फुगला, ही लक्षणे शाळकरी पोराला शिकवता येतात. आमच्या वाडीत ती कोणी शिकवलेली नाहीत.

सांडव्याच्या क्षमतेबद्दल एक गोष्ट मुद्दाम आपल्या नजरेस आणतो. १९८५ च्या भारतीय मानकानुसार अर्धा ते दहा दशलक्ष घनमीटर साठा आणि साडेसात ते बारा मीटर पाण्याची उंची असलेले धरण लहान गणले जाते आणि त्याचा सांडवा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराला पुरेल एवढा ठेवायचा असतो. मध्यम आणि मोठ्या धरणांना याहून कितीतरी कडक पूर धरतात. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे ऐकायला दूरचे वाटते. पण पन्नास वर्षे उभ्या राहणाऱ्या धरणाच्या वाट्याला असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता जवळपास ४० टक्के निघते. तेही पाऊस पूर्वीसारखाच राहील असे धरून. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात सहाशेच्या घरात पडला आणि त्याच दिवशी चिपळूण बुडाले. जुन्या नोंदींवर बेतलेल्या सांडव्यांना हा पाऊस माहीत नाही. त्याच मानकात असेही म्हटले आहे की, फुटल्यास धोका विशेष मोठा असेल तिथे याहून मोठा पूर धरावा. म्हणजे मानक करणाऱ्यांनाही खाली कोण आहे हे विचारायचेच होते. तो प्रश्न विचारणारा माणूस नेमायचा राहिला.

खालच्या वस्तीचा हा प्रश्न एकदा विचारून मोकळे होता येत नाही. तलाव बांधला तेव्हा खाली भातखाचरे असतात. मग पऱ्याच्या काठाला घरकुले होतात, कारण तिथे जमीन सपाट आणि रस्ता जवळ. अंगणवाडी येते. अलीकडे कोकणात पाण्याकाठी राहण्याच्या ओढीने फार्महाऊस आणि पर्यटकांची निवासस्थाने उभी राहतात. शनिवार-रविवारी तिथे शहरातली माणसे झोपलेली असतात, आणि वर धरण आहे हे त्यांना सांगितलेलेही नसते. धरणाला कोणी हातही न लावता त्याचा धोक्याचा वर्ग वर चढलेला असतो. बांधकामाची परवानगी देणाऱ्या ग्रामपंचायतीकडे पूरवाटेचा नकाशा नाही, आणि धरण सांभाळणाऱ्या उपविभागाकडे नव्या घरांची नोंद नाही.

वर्ग जाहीर केल्याने घबराट पसरेल, अशी शंका अधिकारी बोलून दाखवतात. तिला उत्तर शेजारच्या राज्यात आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात कारम नदीवरचे बांधकाम चालू असलेले मातीचे धरण गळू लागले. धार आणि खरगोन जिल्ह्यांतली अठरा गावे रिकामी केली, लष्कर बोलावले, पोकलेनने बाजूने चर खोदून पाणी काढून दिले. धरण वाया गेले, शेते वाहिली, पण माणूस एकही गेला नाही. त्या धरणाच्या कामाबद्दल तक्रार करावी असे पुष्कळ असेल. लोकांना सांगितले आणि लोक उठले, हेही तितकेच खरे आहे. भीती भेंदवाडीलाही वाटत होती. तक्रारी तिच्यातूनच तर आल्या होत्या. त्या भीतीला उत्तर देणारे कोणी वेळेवर पोचले नाही.

खर्चाचा प्रश्न मी टाळत नाही. प्रत्येक पाझर तलावासाठी धरणफुटीचे संगणकीय प्रारूप करणे लगेच शक्य नाही, आणि त्याची पहिल्या फेरीत गरजही नाही. शाखा अभियंता, तलाठी आणि पोलीस पाटील यांनी सांडव्यापासून पऱ्याच्या काठाकाठाने दोन-तीन किलोमीटर खाली चालत जावे. पात्राच्या तळापासून ठरावीक उंचीपर्यंतचे प्रत्येक घर, गोठा, शाळा, साकव, स्मशानशेड टिपावे. हे एका दिवसाचे काम आहे. एकही राहते घर त्या पट्ट्यात आले, तर धरणाची उंची नऊ मीटर असो वा चौदा, त्याला वरच्या वर्गात घालावे आणि कायद्यातल्या धरणांसाठी असलेली पावसाळ्याआधीची-नंतरची पाहणी त्यालाही लागू करावी. कोणाचेच घर आले नाही, तर तसे लिहून दर पाच वर्षांनी पुन्हा चालत जावे. सविस्तर अभ्यासाचा पैसा या चाळणीतून वर आलेल्या धरणांवर घालावा.

गाळ काढण्याच्या मोहिमांबद्दलही लिहायला हवे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचे मी स्वागतच करतो; गाळाने शेते सुधारली आहेत. पण भरावाच्या आतल्या पायथ्याला लागून यंत्राने खोल खणले, तळाचा घट्ट थर फोडला, तर पुढच्या पावसाळ्यात पाण्याला भरावाखालून वाट मिळते. भरावापासून किती अंतर सोडायचे याची खूण चुन्याने आखल्याशिवाय यंत्र पात्रात उतरवू नये, आणि ती खूण अभियंत्याने आखावी, ठेकेदाराने नव्हे.

कायद्यातल्या धरणांसाठी आपत्कालीन आराखडे आणि पहिले सर्वंकष मूल्यमापन करण्याची पाच वर्षांची मुदत ३० डिसेंबर २०२६ रोजी संपते. त्याखालच्या धरणांना कोणतीच मुदत नाही. ती आपण द्यावी. शासन निर्णय काढून प्रत्येक लहान धरणाचा धोक्याचा वर्ग, शेवटच्या पाहणीची तारीख आणि त्यात सापडलेल्या त्रुटींची श्रेणी १ मेच्या ग्रामसभेत वाचून दाखवणे बंधनकारक करावे, कारण त्यानंतर पाऊस यायला महिनाच उरतो. त्याच सभेत रात्री भोंगा कोणी वाजवायचा, वरच्या अंगाला कुठल्या वाटेने जायचे, म्हाताऱ्यांना कोण उचलणार हे ठरावे. आणि गळतीची तक्रार आली की किती दिवसांत अभियंता भरावावर उभा राहील, हेही त्या निर्णयात आकड्याने लिहिलेले असावे. ‘यथावकाश’ हा शब्द त्यात नको.

आमच्या तलावाखालच्या पट्ट्यातली घरे आम्ही वाडीकऱ्यांनी चालत जाऊन टिपली आहेत. प्रत्येक घराची पात्रापासूनची अंदाजे उंची, रात्री तिथे झोपणारी माणसे, त्यांतली अंथरुणाला खिळलेली आणि लहान मुले अशी ती यादी आहे. सांडव्याच्या तोंडाशी वाढलेल्या झाडोऱ्याची आणि उजव्या काठाच्या ओल्या पट्ट्याची छायाचित्रेही काढली आहेत. माणसांची नावे त्यात असल्यामुळे ती इथे छापत नाही. दोन्ही आपल्या विभागाकडे टपालाने पाठवली आहेत. पावसाळ्यापूर्वीच्या पाहणीला येणाऱ्या अभियंत्यांनी ती बरोबर आणावीत. त्यांच्यासोबत पऱ्याने खाली चालायला आमच्यातले चार जण तयार आहेत.

आपला,
धरणाखालच्या एका वाडीतला रहिवासी